अकरा मुखवट्यांत एक मेहुणा

संपादकाचा फोन आला तेव्हा मी निवृत्त होतो. फोन ठेवला तेव्हा नव्हतो. त्याच्या वर्तमानपत्रात मालिकांची परीक्षणं लिहिणाऱ्या बाईंना गालगुंड झालं होतं, आणि जग बुडाल्यानंतर उरलेल्या माणसांची जी मालिका सध्या गाजतेय, तिच्या चौथ्या भागावर संध्याकाळी पाचपर्यंत चारशे शब्द हवे होते.

"आधीचे तीन भाग मी पाहिलेले नाहीत," मी म्हणालो.

"काही बिघडत नाही. मीही नाही पाहिले."

बायको दारात उभी राहून ऐकत होती. "चौथा भाग? अहो, त्यात धाकटा आहे!"

धाकटा म्हणजे तिचा भाऊ, माझा मेहुणा. वय वर्षं एकसष्ट. जन्मभर पाण्याचे मीटर तपासले आणि निवृत्त झाल्यावर मालिकांच्या गर्दीत उभा राहायला लागला. मागे एकदा दवाखान्याच्या बाकावर पाठमोरा दिसला होता. ती पाठ आम्ही सहकुटुंब तीनदा पाहिली. या वेळी म्हणे समोरून होता.

"एवढं एक करा," बायको म्हणाली. "त्याच्याबद्दल एक ओळ बरी लिहा. नाव नको. त्याचं त्याला कळलं म्हणजे झालं."

मी नाही म्हणू शकत नव्हतो. वीस वर्षं मी विनोदी सदर चालवलं, त्यात दर आठवड्याला एक मेहुणा यायचा. चपला फरफटत यायचा, बोलण्याआधी विजार वर ओढायचा, स्कूटरच्या किल्लीने कान कोरायचा आणि जाताना कशाची ना कशाची वाट लावून जायचा. वाचक पोट धरून हसायचे. धाकटा प्रत्येक कात्रण फायलीत लावायचा आणि त्यावर अवाक्षर काढायचा नाही. बायकोनेही आजवर काढलं नव्हतं.

भर दुपारी पडदे ओढून आम्ही दोघं बसलो. मी वही घेतली.

जग कशाने बुडालं हे पहिल्या भागात उरकलेलं असावं. मला एवढंच कळलं की हवा विषारी झाली होती, कारण प्रत्येकाच्या तोंडावर रबरी मुखवटा होता, त्याला दोन गोल काचा, आणि अंगात राखाडी रेनकोट. असे अकरा जण एका बंद कारखान्यात राहत होते. ते कुणाची तरी वाट बघत होते किंवा कुणापासून तरी लपले होते. दोन्ही करताना माणूस खिडकीतूनच बघतो, त्यामुळे सांगणं कठीण.

"यातला धाकटा कोण?" मी विचारलं.

"थांबा ना, कळेल."

दहा मिनिटांनी एकाने दुसऱ्याला मिठी मारली. लगेच तिसऱ्याने त्या दोघांतल्या एकाला ढकललं. कुणाला, ते मी वहीत लिहिलं आणि खोडलं.

"तो बघा, टाकीपाशी बसलाय तो!" बायको म्हणाली. "गुडघे बघा. आमच्या घराण्याचे गुडघे आहेत ते."

तेवढ्यात टाकीपाशी बसलेला उठला आणि बाईच्या आवाजात बोलला. घराण्याचे गुडघे आम्ही परत घेतले.

"चालीवरून ओळखू," मी म्हणालो. "चपला फरफटणारा शोध."

"धाकटा कधी चपला फरफटत चालतो?"

"नाही चालत? बरं, विजार वर ओढणारा?"

"तो पट्टा लावतो. शाळेपासून."

"निदान किल्लीने कान—"

"ते तुम्ही करता," बायको म्हणाली. "चपलांचंही तुमचंच आहे. मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम तसं लिहिता."

मी खिशातल्या किल्लीवरचा हात काढून घेतला. वीस वर्षं ज्या माणसावर लिहिलं, त्याची एक खूण मला ठाऊक नव्हती. पडद्यावर एक जण मरत होता. मरताना तो बरंच काही सांगत होता, पण मुखवट्यातून नुसतं 'अंऽऽ' ऐकू येत होतं. भोवतीचे दहाही जण माना हलवत होते. त्यांना कळलं असावं. मग कुठून तरी आग लागली, सगळे धावले, आणि एकाने लोखंडी दार अंगाने रेटून उघडं धरलं. बाकीचे निसटले. तो आतच राहिला. भाग संपला.

चार वाजले होते. मी धाकट्याला फोन लावला.

"बघितलात, भावोजी?" त्याने श्वास रोखलेला मला कळला.

लेखी खोटं मला जमतं. तोंडी जमत नाही. "बघितला. त्यातला तू कोणता रे?"

तो पुटपुटला, "मी तुम्हालाच विचारणार होतो. सकाळपासून दोनदा बघितला. मलाच मी सापडत नाहीये."

"म्हणजे?"

"सहा दिवस काम होतं. रोज हाताला येईल तो रेनकोट. काचांवर वाफ. पळ म्हटलं की पळायचं, पड म्हटलं की पडायचं. कॅमेरा कुठे आहे तेसुद्धा धुरात दिसत नव्हतं हो."

"मग मी लिहू काय?"

"तुम्ही लिहाल तो मी," धाकटा म्हणाला. "इतकी वर्षं तसंच तर चाललंय."

हा टोमणा होता की साधेपणा, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. पाचला दहा मिनिटं असताना मी शेवटचा परिच्छेद लिहिला: 'कथा मला समजली नाही. पण दार धरून उभा राहिलेला तो माणूस समजला. चेहरा दिसत नाही, शब्द एकही नाही, तरी तो असेपर्यंत बाकीच्यांना काही होणार नाही एवढी खात्री वाटते. अशी माणसं घरात असतात. आपलं लक्ष नसतं.'

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा आला. पाय नीट उचलून आला. हातात कात्रण होतं, चार घड्या घातलेलं. खुर्चीवर बसला आणि एकदम म्हणाला, "दाराचं बरोबर हेरलंत तुम्ही, भावोजी. काय जड होतं! खांदा अजून वर होत नाही."

"मग काल का नाही सांगितलंस?" बायको मलम घेऊन आली. "कुठला खांदा?"

धाकटा गडबडला. त्याने माझ्याकडे पाहिलं. पडद्यावर डावा होता, हे मला पक्कं आठवत होतं. बायकोलाही आठवत असणार. पण धाकट्याचा हात केव्हाच उजव्या खांद्यावर गेला होता.

"उजवा," मीच सांगितलं.

बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मलमाचं झाकण उघडलं.