बेअदब चाक

मी एक जुनं, कडेला तडकलेलं मोटेचं चाक आहे, आणि मी रागावलेलो आहे. मित्रांनो, तुम्ही आश्रुबाच्या गोठ्यात लपाछपी खेळायला येता, माझ्यावर पाय देऊन माळ्यावर चढता, त्याचा मला राग नाही. चढा खुशाल. माझा राग दुसरा आहे आणि तो बराच जुना आहे. काल तुमच्या शाळेत निजाम सरकारची सालगिरह, म्हणजे वाढदिवस, साजरी झाली. तुम्ही मुठीत बत्तासे घेऊन इकडे आलात, आणि तुमच्यातला एक जण म्हणाला की सालगिरह होती म्हणून आज मास्तरांनी छडीला हात लावला नाही. तुम्ही सगळे हसलात. मला मात्र हसू आलं नाही, मला माझा दिवस आठवला.

मी बाभळीचा आहे. युसूफ वडगावच्या वाटेवर केशरबाईचं रान आहे, त्याच्या बांधावर माझं झाड उभं होतं. केशरबाईच्या थोरल्या मुलाने, धोंडीरामने, ते तोडलं, सावलीत वाळवलं आणि धर्मराज सुताराच्या दारात नेऊन टाकलं. धर्मराजने मला गोल केलं, मधे लोखंडी कणा बसवला, आणि धोंडीरामने मला त्यांच्या विहिरीवर चढवलं. विहीर उथळ होती, उन्हाळ्यात तळाला गाळ दिसायचा, पण तेवढ्या पाण्यावरही त्या घराची भाजी आणि बैलांचा चारा निघत असे.

धोंडीराम रोज सकाळी मोट जुंपण्याआधी करडईच्या तेलात भिजवलेली चिंधी माझ्या कण्याला लावायचा. रोज, बरं का. मी इतका गुपचूप फिरायचो की वाटेवरून जाणारे थांबून विचारायचे, मोट चालू आहे की बंद. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

मग लांब कुठेतरी लढाई लागली. सरकार निजामाचं, लढाई इंग्रजांची, आणि माणूस हवा आमच्या वाडीचा. गावचे पाटील मोहनराव यांना वर नाव करायचं होतं. त्यांना बरेच दिवसांपासून एखाद्या खिताबाची आस लागली होती. त्यांच्या घरात दोन धडधाकट मुलगे होते, पण त्यांनी बोट दाखवलं ते धोंडीरामकडे. खेचरं हाकायची आहेत, बंदूक धरायची नाही, वर्षात परत येशील, असं त्यांनी सांगितलं. धोंडीराम समुद्रापलीकडे बसऱ्याला गेला. तिथे तापाने गेला. ती बातमी सुद्धा पावसाळा अर्धा उलटल्यावर आली. केशरबाईने बातमी आणणाऱ्याकडून दिवस विचारून घेतला, गुरुजींकडून तिथी काढली. आषाढ वद्य चतुर्थी. त्या तिथीला ती दरवर्षी त्याच्या नावाने पान वाढते.

धोंडीराम गेला आणि माझं तेलही गेलं. धाकटा आश्रुबा म्हणायचा, उद्या लावतो. शेजारचा बिभीषण मोट हाकायला यायचा, तो म्हणायचा आश्रुबा लावेल. कुणी लावलं नाही. मी करकरू लागलो. अर्ध्या कोसावर ऐकू जायचं. लोक कानावर हात ठेवायचे, पण चिंधी घेऊन कुणी पुढे आलं नाही. ह्या दोघांवरही माझा राग आहे, ते मी लपवणार नाही.

लढाई संपून दोनेक वर्षं झाली तेव्हा मोहनराव शहरातून एक नवी गोष्ट शिकून आले. लढाई मिटली तो दिवस आता जगभर पाळतात म्हणे. इंग्रजी नोव्हेंबरची अकरा तारीख, सकाळी अकराचा ठोका. त्या घडीला तोफ उडते आणि जो जिथे असेल तिथे तसाच उभा राहतो, लढाईत मेलेल्यांसाठी दोन मिनिटं गप्प. मग पुन्हा तोफ उडते आणि लोक बोलू लागतात. मोहनरावांनी ठरवलं, हा दिवस आपल्या वाडीतही व्हायचा, आणि तहशिलीतले पेशकारसाहेब तो बघायला यायचे.

गावात इंग्रजी तारीख कुणाला ठाऊक होती? ती एकट्या मोहनरावांच्या भिंतीवर लटकत होती, आणि अकराचा ठोका त्यांच्या खिशातल्या घड्याळात होता. ते स्वतः केशरबाईच्या दारात आले. एरवी ते तिला 'केशरे' म्हणायचे. त्या दिवशी 'केशरबाई' म्हणाले, 'बसा' म्हणाले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझा धोंडीराम आषाढात गेला. मग त्याचा दिवस कार्तिकात कावून?"

मोहनराव म्हणाले की हा एकट्या धोंडीरामचा दिवस नाही, सगळ्यांचा आहे.

"अन् पुढच्या साली कोणती तिथी यील?"

तिथी बदलेल, तारीख तीच राहील, असं ते म्हणाले. केशरबाईला ते काही पटलं नाही. पण पाटील दारात आलेला, ती नाही कसं म्हणणार?

आता गावात तोफ कुठली आणायची? मोहनरावांचं डोकं चाललं. त्या वर्षी केशरबाईची विहीर खोल करायचं काम चालू होतं. आश्रुबा तळाला पहारीने भोक पाडून दारू ठासायचा, वात पेटवायचा, नाड्याला, म्हणजे माझ्यावरून जाणाऱ्या दोराला, बांधलेल्या फासात बसायचा, आणि बिभीषण विहिरीच्या काठावरून उतरत जाणाऱ्या धावेवर बैल हाकून त्याला वर काढायचा. मग सुरुंग उडायचा. मोहनराव म्हणाले, हीच आपली तोफ. गप्प व्हायची खूण हलगीने करायची आणि मौन संपल्याची खूण सुरुंगाने. शहिदाची विहीर, शहिदाचा भाऊ आणि शहिदाची आई खुर्चीवर. पेशकारसाहेबांना ते फार आवडेल, अशी त्यांची खात्री होती.

आश्रुबाने एवढंच सांगितलं की वात लांब ठेवतो, पण मी वर आल्याबिगर हलगी वाजवू नका. मोहनराव बरं म्हणाले. मी ते माझ्या जागेवरून स्पष्ट ऐकलं.

तो दिवस उजाडला. विहिरीजवळ सतरंजी अंथरली होती. केशरबाईला खुर्चीवर बसवून गळ्यात झेंडूचा हार घातला. ती जन्मात पहिल्यांदा खुर्चीवर बसली होती आणि अंग चोरून बसली होती. पेशकारसाहेब शेजारी. मोहनराव हातात घड्याळ आणि रुमाल घेऊन उभे. आश्रुबा खाली उतरला. तळाला ओल होती, वात लवकर पेटेना. पेटली तेव्हा वर धूर दिसला आणि आश्रुबाने नाडा हलवून खूण केली. बिभीषणाने बैल हाकले. मी करकरत फिरू लागलो.

आश्रुबा निम्म्यावर आला होता. मोहनरावांनी हलणारा नाडा पाहिला. मग घड्याळ पाहिलं. मग पेशकारसाहेबांकडे पाहिलं. आणि रुमाल वर केला.

हलगी वाजली. बिभीषणाने बैल थांबवले. मी थांबलो.

मित्रांनो, माझ्यावर तेव्हा किती भार होता माहीत आहे? एका माणसाचा. रोज त्याच्या कितीतरी पट पाणी मी ओढलं होतं, पण तो भार मला कधी इतका जड झाला नव्हता. खाली वात जळत होती. धूर माझ्या आऱ्यांमधून वर जात होता. खालून आश्रुबाने हाक मारली, "वढा." कुणी हललं नाही. त्याने पुन्हा हाक मारली. सबंध वाडी मान खाली घालून उभी होती, आणि खाली वात पेटलेली आहे हे त्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. बिभीषण मोहनरावांची जमीन बटईने, अर्ध्या वाट्याने, करत होता. ती जाईल या भीतीने त्याने कासरा तसाच धरून ठेवला होता. लोक मेलेल्या भावासाठी गप्प उभे होते आणि जिवंत भाऊ त्यांच्या डोळ्यांसमोर विहिरीत लटकत होता. लाज वाटली पाहिजे होती. मी चाक आहे, मला कुणी फिरवल्याशिवाय मी फिरत नाही. त्या दिवशी मला माझ्या लाकडाची चीड आली.

केशरबाई उठली. खुर्ची मागे पडली. ती धावेवर पळत गेली आणि तिने बिभीषणाच्या हातून कासरा हिसकला.

"एक गेला, आता ह्यो बी घालवू का रे?" ती म्हणाली, आणि तिने बैलाच्या पाठीवर थाप मारली.

बैल निघाले. मी ओरडलो. होय, ओरडलोच. कित्येक वर्षांची तेलावाचूनची तहान होती माझ्या कण्यात, ती सगळी मी त्या शांततेत ओकली. आश्रुबाचं डोकं वर आलं, मग हात आले. केशरबाईने त्याला बगलेत धरून ओढलं आणि दोघं मातीत पडले. तेवढ्यात सुरुंग उडाला. एक दगड आश्रुबाच्या घोट्यावर बसला, तो आजही लंगडतो. एक माझ्या कडेवर बसला आणि टवका उडाला. बाकी धूळ सतरंजीवर पडली.

आता तुम्हाला वाटेल, मोहनराव धावत आले असतील. आले, पण आधी पेशकारसाहेबांच्या शेरवानीवरची धूळ झटकली. त्यांचं तोंड उतरलं होतं. पाहुण्यांसमोर शहिदाच्या आईला दोष देता येईना, आणि स्वतःचा रुमाल तर दिसायलाच नको होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांना मी सापडलो.

"बाईचा दोष न्हाई साहेब," ते म्हणाले. "चाकानं बेअदबी केली. उतरवा ते."

मला उतरवलं आणि चावडीमागच्या कोंडवाड्यात फेकलं, जिथे दुसऱ्याच्या पिकात शिरलेली गुरं कोंडतात. मी कुणाच्या पिकात शिरलो होतो? एका माणसाला मरणातून ओढून काढलं, हा माझा गुन्हा. वर्षभर मी तिथे शेणात पडून होतो, माझ्या तळाला वाळवी लागली. चावडीवर येणारा जाणारा मला पाहून म्हणायचा, हेच ते बेअदब चाक. रुमाल कुणी वर केला होता, हे एकाच्याही तोंडून निघालं नाही.

इकडे त्याच सुरुंगाने विहिरीला मोठा झरा फुटला होता. पाणी वर आलं, पण ते काढायला चाक नव्हतं. केशरबाई डोक्यावरून हंडे वाहत होती. आणि भिंतीवरची ती तारीख पुन्हा जवळ आली. ह्या वेळी आणखी मोठे पाहुणे यायचे होते आणि खुर्ची रिकामी दिसून चालणार नव्हतं. मोहनराव पुन्हा दारात आले, पुन्हा 'केशरबाई' म्हणाले. ती म्हणाली, येते, बसते, हार घालते, पण माझ्या थोरल्याने विहिरीवर चढवलेलं चाक मला माघारी द्या. मोहनरावांना सौदा स्वस्त वाटला. आश्रुबाने लंगडत येऊन मला डोक्यावर घेतलं आणि विहिरीवर चढवलं. तो तेलाची चिंधी घेऊन आला, तर त्याच्या मायने त्याचा हात धरला आणि म्हणाली, "आज नगं."

त्या दिवशी सतरंजी होती, खुर्ची होती, पाहुणे होते. सुरुंग नव्हता, त्याऐवजी दोन्ही वेळा हलगीच वाजायची होती. आश्रुबाने बैल मोटेला जुंपून ठेवले होते. पाहुण्यांना दाखवायला असतील, असं सगळ्यांना वाटलं.

अकरा वाजले. रुमाल वर झाला. हलगी वाजली. सगळी वाडी गप्प झाली.

केशरबाई खुर्चीतून उठली. ह्या खेपेला घाई नव्हती. तिने हार काढून खुर्चीवर ठेवला, पदर खोचला, धावेवर गेली आणि बैल हाकले. बाईने मोट हाकलेली त्या वाडीने कधी पाहिली नव्हती. मी करकरू लागलो. जेवढा दम होता तेवढा लावून करकरलो. मोट वर आली, थारोळ्यात पाणी कोसळलं, पाटाला लागलं आणि वाहत सतरंजीखाली गेलं. पाहुण्यांचे बूट भिजले. मोहनरावांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांचं तोंड उघडलं आणि मिटलं. बोलायचं कसं? बोलले असते तर मौन त्यांनीच मोडलं असतं, आणि तेही पाहुण्यांसमोर. हलायचीही सोय नव्हती. गावाला बांधायला आणलेल्या दोरीत ते स्वतः उभे होते, आणि पाणी त्यांच्या घोट्याला लागत होतं. मागे बिभीषणाने मान वर केली आणि ती पुन्हा खाली घातली नाही. केशरबाईने बैल मागे सारले आणि दुसरी मोट भरली.

हलगी पुन्हा वाजली. केशरबाईने बैल थांबवले, कासरा खांद्यावर टाकला आणि मोहनरावांसमोर येऊन उभी राहिली.

"माझं झालं, मालक," ती म्हणाली. "आता बोला तुमी."

मोहनरावांनी घड्याळ खिशात घातलं आणि ते पाहुण्यांच्या मागून चालू लागले. पुढच्या साली ती तारीख आमच्या वाडीत आली आणि कुणाला न कळता निघून गेली. केशरबाईने मात्र मोट हाकली त्याच संध्याकाळी मला तेल लावलं, आणि पुढे तिचे हात चालत होते तोवर रोज लावलं. आषाढातली चतुर्थी असो की आणखी कुठली तिथी.

आता नवं चाक आलं आहे आणि मी इथे गोठ्यात पडून आहे. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हातातही कधी घड्याळ येईल, रुमाल येईल. दिवस जरूर पाळा. पण रुमाल वर करण्याआधी विहिरीत डोकावून बघा, नाड्याला कुणी लटकलेलं नाही ना. आणि आश्रुबाला सांगा, माझा कणा सुकला आहे, चिंधीभर तेल लावून ठेव. मात्र कुणी पुन्हा हलगी घेऊन ह्या वाटेला आलं, तर त्या दिवशी लावू नका.