अण्णांचा दुसरा मेमो

माझे वडील विष्णुपंत, म्हणजे आमचे अण्णा, चौतीस वर्षं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. अशा माणसाला माझ्या वाइनरीत पाऊल ठेवू द्यायलाच नको होतं. पण मार्चमध्ये द्राक्षं एकदम तयार होतात आणि कामाला माणूस मिळत नाही, काय करणार! कोपरगावजवळ माझी शेड, त्यात एक मोठी टाकी. दोन हजार लिटर. कर्ज नाही, पण सगळी शिल्लक त्या टाकीत.

हंगामात पहाटे मळ्यावर जायचं, ऊन चढायच्या आत तोड उरकायची, द्राक्षं चिरडून टाकीत भरायची. मग दिवसातून चारदा वर आलेली सालं दांड्याने खाली दाबायची, रस चाखायचा आणि थुंकायचा. हात कोपरापर्यंत जांभळे. अण्णांकडे रसातली साखर मोजायचं काम दिलं होतं. मी थुंकायला लागले की ते भिंतीकडे बघत.

"काल चोवीस टक्के होती, आज एकोणीस," ते चहा पिता पिता म्हणाले. "साखर जातेय, भार्गवी."

"जाऊ दे की! यीस्ट खातंय ती. शून्यावर आली की झाली वाइन."

"शून्य!" त्यांनी कप खालीच ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी द्राक्षं पुरवणाऱ्या ओंकारच्या मळ्यात पुढचा प्लॉट चाखायला गेले. दुपारी परत आले तर शेडमध्ये शुकशुकाट. एरवी टाकी नुसती बुडबुडत असते. क्रेट धुणाऱ्या बनुबाई दारातच उभ्या.

"ताई, अण्णांनी कायतरी केलंय बगा. टाकी पार गार पडली हाय."

टाकी थंड करणारा चिलर मी सव्वीस अंशांवर ठेवला होता, तो चारवर! अण्णा शेजारी खुर्चीत, चेहऱ्यावर समाधान.

"वाचवला," ते म्हणाले. "फेस झाकणाबाहेर येत होता. अजून थोडा उशीर झाला असता तर सगळा रस आंबला असता."

"अहो, आंबवायचाच होता!" मी किंचाळले. "यीस्ट गारठलं आता! असंच अर्धवट राहिलं तर ना धड रस ना धड वाइन, सगळं ओतून द्यावं लागेल! कारखान्यात असतात ना, तर मेमो दिला असता तुम्हाला!"

अण्णांचा चेहरा खर्रकन उतरला. अख्ख्या नोकरीत त्यांना एकच मेमो मिळाला होता, अठ्ठ्याण्णव साली. मशीन बंद पडलं आणि त्यांच्या पाळीत उसाचा रस आंबला. तेव्हा महिनाभर ते घरात धड बोललेही नव्हते.

"लेखी दे," ते म्हणाले.

मीही इरेला पेटलेली. क्रेटच्या चिठ्ठीमागे लिहिलं, 'रस आंबू न दिल्याबद्दल खुलासा करावा.' त्यांनी दोनदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

"परत आंबवायचा कसा?" त्यांनी विचारलं.

घरचा तांब्याचा बंब शेडच्या दारात आला. चिलरच्या नळ्या बंबाला जोडून अण्णांनी टाकीभोवती कोमट पाणी फिरवलं. मी नवं यीस्ट घातलं. बनुबाईंनी टाकीला गोधड्या गुंडाळल्या. "बाळंतिनीची बी एवढी बडदास्त कुनी ठेवत न्हाई," त्या म्हणाल्या. अण्णा तासातासाला टाकीला कान लावायचे. दोन दिवस तिने हूं की चूं केलं नाही. मी अण्णांशी बोलत नव्हते, आणि न बोलल्याचं वाईटही वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी एक बुडबुडा आला. मग दुसरा. आणि आठवड्याने सकाळी शेडमधून आरोळी आली.

"भार्गवी! साखर गेली! सगळी गेली गं!"

जन्मभर साखर राखलेला माणूस हातातली साखर मोजायची नळी नाचवत होता. मी वाइन चाखली, आणि या वेळी थुंकले नाही.

अण्णांनी चिठ्ठी पुढे केली. खाली टपोऱ्या अक्षरात खुलासा: 'रस पूर्ण आंबवला आहे. यापुढे वाचवणार नाही.'

मी हसत फाडायला गेले तर अण्णा ओरडले, "फाडतेस काय! शेरा मार."

मी लिहिलं, 'खुलासा समाधानकारक. प्रकरण बंद.' खाली सही आणि माझ्या बोटांचे जांभळे डाग. अण्णा बराच वेळ वाचत राहिले.

"अठ्ठ्याण्णवच्या त्या मेमोचाही मी खुलासा दिला होता," ते म्हणाले. "कुणी शेराच मारला नाही गं."

"आणा इकडे," मी म्हटलं. "कुठंय तो?"

तो त्यांच्या खिशातच होता.