पायरीवरचे दोन खळगे

मी एक जुनी दगडी पायरी आहे. लंडनमधल्या हीथच्या, म्हणजे आमच्या मोठ्या माळरानाच्या कडेला 'तीन चंडोल' नावाचा पब आहे, त्याच्या बाजूच्या दाराची. पुढच्या दाराची पायरी माझ्याहून रुंद. तिचा तोरा काही विचारू नका!

मित्रांनो, खाणीतून आले तेव्हा मी अगदी सपाट होते. आता माझ्या अंगावर शेजारी शेजारी दोन खळगे आहेत. त्या काळी धोबिणी दिवसभर माळावर चादरी वाळत घालायच्या आणि संध्याकाळी बिअरसाठी रिकामा जग घेऊन माझ्यावर येऊन उभ्या राहायच्या. आत पुरुषांची बैठक. बायकांना दाराला लागून भिंतीत, माझ्या अगदी वर असलेल्या लहानशा खिडकीतून बिअर मिळायची, तीसुद्धा मालकाला सवड झाली की. बिचाऱ्या ताटकळायच्या. एक गेली की तिच्या जागी दुसरी. अशी सत्तर वर्षं गेली. मग दगड झाला म्हणून काय झालं, झिजणारच की!

पुढे धोबिणी गेल्या, खिडकी विटांनी बुजवली, माझ्यावर रिकामी पिंपं ठेवू लागले. मग कुणीतरी गोष्ट रचली, की काळा नेड नावाचा वाटमाऱ्या इथे घोडा उभा करायचा आणि हे खळगे त्याच्या टापांचे. पबचा मालक लेन ट्विचेट दर रविवारी ती गोष्ट रंगवून सांगायचा. चिखलाच्या बुटांनी, कुत्री घेऊन आलेली माणसं माझे फोटो काढायची. खोटं कशाला बोलू, मलाही ते कौतुक गोड लागायचं.

एके दिवशी कळलं, की ज्या कंपनीची ही इमारत, तिला पब पाडून फ्लॅट बांधायचे आहेत. जागेला खरा इतिहास असेल तरच नगरपालिका तो वाचवणार होती. लेनने हिल्डा पॅजेटबाईंना बोलावलं. चाळीस वर्षं त्या इथले जुने कागद वाचत आल्या होत्या.

"हिल्डाबाई, नेडच्या घोड्याच्या गोष्टीवर तेवढी सही करा. तुमचा शब्द मानतील ते."

"अरे लेन, नेड फासावर गेला तेव्हा इथे पब नव्हता, नुसतं गवत होतं. घोडा काय हवेत बांधला होता?"

"थोडं इकडंतिकडं चालतं हो! वीस वर्षं घातलीत मी इथं. कुठं जाऊ आता?"

"आणि कंपनीच्या वकिलानं खोटं पकडलं तर? मग आपलं खरंही कुणी ऐकणार नाही."

लेन भडकला. "मग हे खळगे काय तुमच्या पणजीनं पाडले?"

"हो," बाई म्हणाल्या. "माझ्याच पणजीनं. धोबीण होती ती."

लेन खाली वाकून माझे खळगे निरखू लागला.

आठ दिवसांनी नगरपालिकेच्या अधिकारी बाई आल्या. हिल्डाबाई एवढंच म्हणाल्या, "जरा इथं उभ्या राहता का?" अधिकारी बाईंचे दोन्ही पाय माझ्या खळग्यांत अलगद बसले. समोर, अगदी नाकापुढे, भिंतीत वेगळ्या रंगाच्या विटांचा चौकोन होता.

"अगं बाई, घोडा काही असा भिंतीला नाक लावून उभा राहत नाही!" त्या हसल्या. मग त्यांनी हिल्डाबाईंचे धोबिणींबद्दलचे सगळे कागद शांतपणे वाचले.

वसंतात पत्र आलं, की पब पाडता येणार नाही. लेन माझ्याशेजारी जमिनीवर बसून घळाघळा रडला. बुजवलेली खिडकी त्याने उघडवली आणि अख्ख्या मोहल्ल्याला बोलावलं. खिडकीतून बिअरचा पहिला जग पुढे करून तो म्हणाला, "हिल्डाबाई, हा मान तुमचा. या, पणजीच्या जागी उभ्या राहा. फोटो काढू."

हिल्डाबाईंनी बिअरच्या जगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"माझी पणजी इथं जन्मभर उभी राहिली, लेन, कारण आत तिला कुणी बसू देत नव्हतं. मी आत बसून पिणार. शेकोटीजवळची खुर्ची रिकामी कर."

आणि माझ्यावर क्षणभरही न थांबता त्या आत गेल्या. मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

मित्रांनो, माझ्यासारखे दगड जरूर जपा. फक्त त्यांच्यावर पुन्हा कुणाला ताटकळत उभं करू नका.