फवाऱ्याखालचं कपाट

रसायनशास्त्राच्या बाईंनी स्टुलावर चढून छतातल्या फवाऱ्याच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी चढवली आणि वरून सुतळीच्या दोन गाठी मारल्या. या आठवड्यातली ही तिसरी खेप. रोज सकाळी इमारतीचे इंजिनिअर येऊन पिशवी सोडत, तिची नीट घडी घालून खिडकीत ठेवत, आणि दुपारी बाई ती पुन्हा बांधत. माघार घ्यायला कोणीच तयार नव्हतं.

आग लागली की आपोआप पाणी सोडणारे हे फवारे कॉलेजात नवीनच बसले होते. रसायनांच्या खोलीतला फवारा बसला तो नेमका सोडियमच्या कपाटावर. सोडियमला पाणी लागलं की तिथेच भडका. म्हणून तर ते रॉकेलात बुडवून ठेवायचं, हवेतला दमटपणासुद्धा लागू द्यायचा नाही. बाईंनी हे इंजिनिअरना तोंडी सांगितलं, लिहून दिलं, एकदा तर फळ्यावर चित्र काढून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नियम सगळ्या खोल्यांना सारखाच, एवढंच सांगितलं. कपाट दुसरीकडे हलवावं, तर रिकामी खोली एकच, आणि तिच्या भिंतीला पलीकडच्या न्हाणीघराची कायमची ओल. बाईंनी हात टेकले.

सोमवारी तपासणी होती. फवारा झाकलेला दिसला तर खोलीला सील लागणार आणि मुलांची वर्षभराची प्रात्यक्षिकं बोंबलणार. उघडा ठेवला तर बाईंच्या डोळ्याला डोळा लागणार नव्हता.

"उतरा मॅडम, पडाल."

इंजिनिअर दारात होते. आज दुपारीच उगवले होते.

"मी पडले तर माझं एक हाड मोडेल. हे पेटलं तर तुमची इमारत जाईल."

इंजिनिअरनी पुढे येऊन स्टूल धरलं. त्याचा बाईंना आणखीनच राग आला. त्या उतरल्या, कपाट उघडलं आणि मोठी बरणी त्यांच्यासमोर धरली. बघा एकदा डोळ्यांनी, म्हणाल्या. रॉकेलच्या तळाशी मळकट ढेकळं पडली होती.

इंजिनिअरनी बरणी बराच वेळ न्याहाळली.

"एवढं लागतं कशाला?"

"वर्गात दाखवायला."

"शेवटचं कधी दाखवलं होतं?"

बाईंनी बरणी जवळ ओढून घेतली. ही बरणी त्यांच्या सरांनी आणलेली. सरांनी वाटाण्याएवढा तुकडा पाण्यात टाकला होता, तो पेट घेत परातभर पळत सुटला होता, आणि पहिल्या बाकावरच्या मुलीनं तिथल्या तिथे ठरवलं होतं की आपण हेच शिकायचं. पुढे सरांची जागा त्या मुलीला मिळाली, बरणीही मिळाली. रॉकेल बदलायचं, झाकण तपासायचं, किल्ली जवळ बाळगायची. मुलं मोबाईलवर बघतात, मग उगाच धोका कशाला, असं एक वर्ष म्हटलं, दुसऱ्या वर्षीही म्हटलं. सांभाळता सांभाळता दाखवायचं राहूनच गेलं. बाईंना लाज वाटली, आणि ती वाटायला लावणाऱ्या माणसाचा संतापही आला.

"नाहीच लागत," त्या तुटकपणे म्हणाल्या. "संपवून टाकते."

संपवणं म्हणजे बारीक तुकडे करून एकेक अल्कोहोलमध्ये सोडायचा, तो विरघळेपर्यंत थांबायचं आणि मगच पुढचा घ्यायचा. एकट्यानं करायचं काम नव्हे. इंजिनिअर आपणहून कोरड्या वाळूची बादली घेऊन आले आणि दोन दिवस शेजारी उभे राहिले. बाई त्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या.

शुक्रवारी संध्याकाळी शेवटचं ढेकूळ उरलं. बाईंनी ते टिपकागदावर घेऊन कोरडं केलं आणि सुरी लावली. साबणाच्या वडीसारखं ते चिरलं गेलं, आतून लख्ख चांदी निघाली आणि बघता बघता काळवंडली.

इंजिनिअर पुढे वाकले.

"लांब राहा म्हटलं ना," बाई करवादल्या.

"अजून एकदा कापा."

बाईंनी पुन्हा कापलं. पुन्हा चांदी, पुन्हा काळपटपणा. दोन दिवस ते हेच बघत होते, तरी त्यांचे डोळे त्यावरून हलले नाहीत.

"मॅडम, हे मुलांना का नाही दाखवत तुम्ही?"

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. बरणी रिकामी झाल्यावर हा माणूस हे विचारतोय. चांगलं खरमरीत उत्तर त्यांच्या जिभेवर आलं, पण त्यांनी ते गिळलं. त्यांनी वाटाण्याएवढा तुकडा वेगळा काढला, छोट्या बाटलीत टाकला, वर रॉकेल ओतलं आणि बूच घट्ट लावलं. बाकीचं अल्कोहोलात गेलं.

"उद्या पहिल्या तासाला माझ्या वर्गात या," त्या म्हणाल्या. "ही बादली घेऊन."

"आणि पाणी?"

"पाण्याचं मी बघते."