पॉलिश ओलं आहे

तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं, आणि त्या दोन दारांच्या मधे एक कपाट. कपाट सुतारकाकूंचं. म्हणजे केलं काकांनी, पण त्यावरून भांडायचं खातं काकूंकडे.

काका उभा जन्म सुतारकाम करून थकले होते. हात थरथरायला लागले तसं त्यांनी दुकान बंद केलं, हत्यारं घरी आणली आणि जाहीर केलं, की नातीच्या नव्या घरासाठी एक कपाट करायचं आणि मग रंधा कायमचा खाली ठेवायचा. घरात धड पाय पसरायला जागा नाही, तिथे कपाट कुठे करणार? म्हणून ते झालं दाराबाहेर, लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत. खिळा नाही, स्क्रू नाही. फळीला खाच, खाचेत फळी, वर सरस. एकदा चिकटलं की देवालाही सुटायचं नाही. उन्हाळाभर दोन्ही दारांत भुसा उडत होता, आणि येणारे-जाणारे थांबून मान डोलवत होते.

काकांनी आधी मापं घेतली होती. दाराची घेतली, जिन्याच्या वळणाची घेतली. पण काम शेवटाला आलं तसा त्यांना हुरूप चढला. हे आपलं शेवटचं, तर बोडकं कशाला ठेवायचं? वर महिरप आली, खाली वळणदार पाय आले. तेही बाजूच्या फळ्यांतच रोवलेले. मापं घेतली तेव्हा महिरप त्यांच्या मनातसुद्धा नव्हती.

काका आंघोळीला गेले असताना काकूंनी सुतळीने कपाट मोजलं. टेपवरचे बारीक आकडे त्यांना लागत नसत, पण सुतळीला गाठ मारता येत होती. ती गाठ दाराला लावली, जिन्याच्या वळणाला लावली. दोन्हीकडे बाहेर राहिली. लिफ्टचा तर प्रश्नच नव्हता, तिच्यात दोन जाड माणसं एकमेकांवर रुसून उभी राहू शकत नाहीत. काकूंनी सुतळीची गुंडाळी करून डब्यात टाकली आणि ओठ मिटले.

या माणसाचं माप कधी चुकलं नव्हतं. माणसं सांगायची, त्यांच्या डोळ्यात टेप आहे. आता हातही गेले आणि मापही गेलं, हे त्यांनी कुणाकडून ऐकायचं? चार लोकांसमोर? काकूंनी ठरवून टाकलं, की हे कपाट इथून कुणी हलवून बघायचं नाही. हलवलं तर कळेल.

आणि नेमकी समोरची माहेरून परत आली.

समोरची औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायची. गेली होती एकटी, आली ती जुळी घेऊन, आणि जुळ्यांची ती भली रुंद बाबागाडी घेऊन. गाडी लिफ्टमध्ये कशीबशी घुसायची, पण बाहेर आली की पुढे कपाट. मग एक पोर खांद्यावर, एक काखेत, गाडीची घडी पायाने ढकलत ती आपल्या दारापर्यंत पोचायची.

"काकू, कपाट कधी हलवताय?"

"पॉलिश ओलं आहे ग बाई."

"गेल्या आठवड्यातपण ओलंच होतं."

"भारी पॉलिश आहे. तुमच्या दुकानातलं मलम नव्हे, लावलं आणि पुसलं."

एकदा नातीच्या घराला रंग चालू होता. एकदा जावयाची पाठ धरली होती. पण पॉलिश मात्र कायम ओलं. समोरचीच्या नवऱ्याने एक दिवस बोट लावून बघितलं तर खरंच चिकट लागलं. तो बिचारा रुमालाला बोट पुसत आत गेला. रोज सकाळी काका पेपरात डोकं घालून बसले, की काकू फडकं घेऊन बाहेर यायच्या आणि सगळ्या कपाटावरून तेलाचा हात फिरवायच्या.

मग बाबागाडीचं चाक कपाटाच्या पायाला घासलं. बारीकसा ओरखडा. काकूंनी मजला डोक्यावर घेतला.

"डोळे काय घरी ठेवून निघालीस?"

"डोळे जागेवर आहेत काकू, जागाच जागेवर नाहीये! ही जागा दोघींची आहे."

"मग तुझ्या अर्ध्यातून जा ना, माझ्या अर्ध्यात कशाला शिरतेस?"

"माझ्या अर्ध्यातही तुमचंच कपाट आहे!"

काकूंनी दार आपटलं.

समोरचीने सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठलं. हा माणूस नळ गळला तरी आधी घसा खाकरायचा. रविवारी सकाळी तो दोन हमाल घेऊनच वर आला.

"काकू, नियमाप्रमाणे सामाईक जागेत..."

"नियम तुमच्या बायकोला ऐकवा. त्या गच्चीत लोणच्याच्या बरण्या कुणाच्या आहेत?"

"तो विषय वेगळा. नुसतं तुमच्या दारातून आत सरकवू. पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटांचं नव्हतं, एका मिनिटाचं होतं. एका मिनिटात सगळ्यांना कळणार होतं. काकू कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या, दोन्ही हात पसरून.

"हात लावाल तर बघा! पॉलिश ओलं आहे!"

समोरची पुढे आली. काखेत एक पोर होतं, दुसरं आत रडत होतं. तिने कपाटावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. सगळा दिवस औषधांच्या वासात काढणारी ती, तिचं नाक कुठे फसणार?

"काकू, हे भजी तळायचं तेल आहे."

हमालांपैकी एक जण फिसकन हसला. सेक्रेटरीने घसा खाकरला. काकूंचे हात पसरलेलेच राहिले, पण तोंडातून शब्द फुटेना, आणि तिसऱ्या मजल्यावर असं कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात मागून काका आले. कानावर पेन्सिल, हातात करवत.

"आत जायचं नाही ते," काका म्हणाले. "आणि खालीही जायचं नाही. माप चुकलं माझं."

त्यांनी करवतीचं टोक कपाटाच्या मधोमध टेकवलं.

"मधल्या फळीखाली खूण केली आहे, चारी बाजूंनी. तिथून कापलं की दोन होतात. वरचं आमच्याकडे, खालचं नातीकडे."

सगळ्यांनी वाकून बघितलं. तेलाच्या थराखाली पेन्सिलची रेघ होती. जुनी. मधे मधे थरथरलेली.

"तुम्हाला माहीत होतं?" काकूंचा आवाज भलतीकडूनच आला. "कधीपासून?"

"सरस वाळला त्या दिवशीच टेप लावली."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलत होतीस. मधे जागा कुठे होती?"

हमालाने करवतीला हात घातला, पण काकांनी ती काकूंपुढे धरली. उभ्या जन्मात त्यांनी बायकोला हत्याराला हात लावू दिला नव्हता. एकदा पटाशीने डबा उघडला म्हणून दोन दिवस अबोला धरला होता.

"मला कुठे येतं?"

"तोंड चालतं तसा हात चालव. येईल."

समोरचीने पोर सेक्रेटरीच्या हातात कोंबलं आणि कपाट दुसऱ्या बाजूने घट्ट धरलं. काकू कापायला लागल्या. काका बाजूला स्टुलावर बसून सांगत होते, दाबू नकोस, करवतीला जाऊ दे, आता सरळ. तेलाने भुसा ओला होऊन फरशीला चिकटत होता. मधेच काकू थांबल्या आणि समोरचीकडे बघितलं.

"हलवतेस कशाला? नीट धर."

"मी नाही हलवत, तुम्हीच हलताय."

"हलतेय तर हलतेय. धर."

संध्याकाळपर्यंत वरचं कपाट आत गेलं, खालचं टेम्पोत चढलं. महिरप काकूंच्या पलंगाच्या वर आली. खोलीच्या मानाने ती जरा मोठी दिसते, पण तसं काकूंसमोर म्हणायची कुणाची टाप नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी दार उघडलं. कपाटाच्या जागी, अगदी मधोमध, बाबागाडी उभी होती.

"अहो, बघितलंत? काल जागा रिकामी झाली आणि आज हिने गाडी लावली! ही काय ठेवायची जागा आहे?"

काकांनी पेपरातून मान वर केली नाही.

"पॉलिश ओलं असेल," ते म्हणाले.