ठकुबाईसाठी देव पाण्यात

आमच्या गावानं महारवाड्याचं पाणी तोडलं, तेव्हा मी देव पाण्यात घातले. तेवढंच मला जमलं, आणि त्याचाही तेव्हा मला केवढा गर्व होता.

साल सत्तावन्न, चैत्र सरत आलेला. महारवाड्यानं मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. चावडीत पंच बसले आणि ठरलं, की त्यांना कामाला बोलवायचं नाही आणि विहिरीवर त्यांच्या मडक्यात पाणी ओतायचं नाही. जो ओतील त्याच्याशी रोटीबेटी बंद. नदीतल्या झऱ्यावरही काट्या टाकल्या. असल्या वेळी पुरुषांना भारी शौर्य सुचतं. पंचांत आमचे हेही होते, आणि थोरलीची सोयरीक चाकणला जुळत आली होती.

महारवाड्यातली ठकुबाई वीस वर्षं आमच्या शेतात राबलेली. थोरलीच्या वेळी मी बांधावरच अडले, तेव्हा तिनंच मला सोडवलं होतं. आता तिची सून बाळंत झाली होती आणि अंगात ताप होता. हे कळलं तशी मी देवघरातला खंडोबाचा टाक काढला, तांब्याच्या घंगाळात बुडवला आणि म्हटलं, देवा, या लोकांवरचा जुलूम टळेपर्यंत तुझी सुटका नाही. रोज सकाळी ताजं पाणी घालायची, जुनं तुळशीला ओतायची. यांना सांगितलं, लेकीच्या लग्नासाठी घातलेत. हे खूश झाले.

पाचव्या दिवशी भर दुपारी ठकुबाई परसदारी आली. ओठ फुटलेले, काखेत रिकामं मडकं. सुनेची जीभ सकाळपासून कोरडी पडलीय, घोटभर तरी पाणी द्या म्हणाली. गाव निजलं होतं. फक्त शेजारच्या इंदुताई कुरडया राखत बसल्या होत्या, आणि इंदुताईंचं तोंड म्हणजे गावची दवंडी.

मी आवाज खाली आणून म्हटलं, "ठकू, तुमच्यासाठीच म्या द्येव पाण्यात घातल्यात."

तिनं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. घंगाळ काठोकाठ भरलेलं होतं.

"मग त्यातलंच वाईच द्या, बाई," ती म्हणाली. "तुमचा द्येव न्हाई म्हनायचा न्हाई."

मागणं पुरं होईतो त्या पाण्याला हात लावायचा नसतो, देव कोपतो, असं मी तिला चांगलं समजावून सांगितलं. भीती इंदुताईंची होती, नाव देवाचं घेतलं. देव बिचारा कुणाला खोटं पाडत नाही. ठकुबाईनं मडकं काखेत सावरलं आणि उन्हातून परत गेली. ती वळेपर्यंत मी दारात उभी होते आणि माझ्या घशाला कोरड पडली होती. मी आत जाऊन दोन तांबे पाणी प्याले. हे सांगायला आजही लाज वाटते.

सून दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गेली. त्या सकाळीही मी देवाचं पाणी बदललं.

आठवडाभरात महारवाडा उठला. पिंपरीला कारखान्यांची बांधकामं चाललीत, तिथं बिगारी मिळते, असं कुणीतरी सांगितलं होतं. डोक्यावर बोचकी घेऊन माणसं आमच्या परसामागच्या वाटेनं निघाली. ठकुबाई सगळ्यांत मागं होती. पदरात नात होती, आईविना. मी परसदारी आले. भाकरीचं गाठोडं पुढं केलं, तिनं ते घेतलं नाही.

"बाई, आता द्येव काढा भायेर," ती म्हणाली. "आमी चाललो."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तो सोसला असता.

ती दिसेनाशी झाल्यावर मी टाक बाहेर काढला, पुसला आणि जागेवर ठेवला. माझं मागणं देवानं पुरं केलं होतं. आमच्या गावात आता जुलूम सोसायला कुणी उरलं नव्हतं.