राहिलेला बाण

"मॅडम, तुमच्या घरी कुणाचं चालतं?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून टकळीने भर वर्गात विचारलंच. हे नाव वर्गाने ठेवलेलं. हल्ली ती ते मिरवायचीही. मागच्या बाकावर खसखस पिकली.

कॉम्प्युटरच्या मॅडम रागावल्या नाहीत.

"छान प्रश्न. सिस्टीम समजून घ्यायची तर सुरुवात इथूनच. आता तुझंच सांग. दुकान आहे ना तुमचं? कोणती माहिती कुणाकडून कुणाकडे जाते, बाण काढून आण. मनाने नाही हं, बघून."

आता आली का पंचाईत!

दुकान चष्म्याचं. पुढे बाबा डोळे तपासत, पडद्यामागे आई काचा घासून फ्रेमला बसवी. सुट्टीच्या दिवशी टकळीने स्टुलावर बसून झोकात चौकोन काढले. गिऱ्हाइकाकडून बाबांकडे. बाबांकडून टकळीकडे. टकळीकडून आईकडे. मग तस्संच उलट.

मॅडमनी कागद पाहिला.

"सुरेख. पण एक बाण राहिला. बाबांकडून थेट आईकडे?"

"अय्या, राहिलाच की! मी म्हणजे ना..." तिने पेन्सिल टेकवली आणि उचलली. बघून काढायचा होता.

संध्याकाळी दुकानात ती मुद्दाम गप्प बसली.

"आईला विचार, मास्तरांचा चष्मा झाला का," बाबा म्हणाले. पडदा त्यांच्या हाताला लागत होता.

"बाबांना सांग, होतोय," आतून आलं.

पूर्वी बाबा पडद्यातून डोकं घालून काहीतरी पुटपुटायचे. "जा हो, गिऱ्हाईक आलंय," म्हणत आई किती वेळ हसत राहायची. ते हसू आत्ता, या क्षणी, एकदा तरी ऐकू यावं म्हणून टकळीने कान टवकारले. आत फक्त घासण्याचं यंत्र घरघरत होतं. निरोप्याच्या कामात आपण इतके पटाईत कधी झालो?

तिने कागदावरच्या आपल्या चौकोनावर अंगठा ठेवला. सगळे बाण अंगठ्याशी येऊन थांबले.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, "आईला म्हणावं, मीठ कमी आहे."

आई समोरच बसली होती.

टकळीचा घास हातातच राहिला.

"उद्यापासून मी दुकानात येणार नाही."

"का गं? बरं नाही का?" आईने विचारलं.

"ठणठणीत आहे."

"अगं, पण मग आईला कोण..." बाबा अडखळले.

"ते तुम्ही दोघं बघा," ती म्हणाली. मग तिने आवाज चढवला. "माझं ठरलंय."